अर्धं संत्रं

साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, झाल्यापासून माझ्या हातांना कुठलंच काम पुरेना. सांबाराच्या जुड्या बांधायला बसले की ढीग संपायचा आणि हात तसेच चालू राहायचे. कोथिंबिरीला आमच्याकडे सांबार म्हणतात. ती सकाळच्या बाजाराला जाते, म्हणून जुड्या आदल्या संध्याकाळीच बांधून ओल्या पोत्याखाली ठेवायच्या. उरलेली सुतळी मी बोटाला गुंडाळायचे, सोडायचे, पुन्हा गुंडाळायचे. समोर काकू बसलेली असायची, माझ्या वडिलांच्या धाकट्या भावाची बायको. आम्ही सगळे शेतातल्या एकाच घरात राहतो, आणि काकूच्या नजरेतून काही सुटत नाही.

"बोटाचं रगत थांबन वं," ती म्हणाली. "मंग लग्नात अंगठी पायाच्या बोटात घालशीन काय?"

"राहू दे वं तिले," आई म्हणाली. "तिचं ध्यान कुठी हाये, तुले मालूम नाई काय?"

माझं ध्यान हौदाकडे होतं.

आमचं शेत मंगरूळपीरहून वाशिमकडे जाणाऱ्या रस्त्यापासून जरा आत आहे. पुढे भाजीपाला, मागे संत्र्याची बाग आणि दोन्हींच्या मधोमध पाण्याचा सिमेंटचा हौद. का ते कोणाला माहीत नाही, पण आमच्याकडे मोबाइलला रेंज येते ती फक्त त्या हौदाच्या कठड्याजवळ. ज्याला कोणाला फोन करायचा असतो तो तिथे जाऊन उभा राहतो. खताच्या दुकानाला, मामाला, डॉक्टरला, सगळ्यांना फोन तिथूनच. म्हणून आमच्या घरात खाजगी फोन असा प्रकारच नाही. हौदावर उभं राहिलेलं माणूस अंगणातूनही दिसतं आणि बागेतूनही. मोटर चालू असेल तर पाइपातून हौदात पडणाऱ्या पाण्याच्या आवाजात शब्द बुडतात, एवढीच काय ती सोय.

ज्याच्याशी माझं लग्न ठरलं होतं तो रोज ऑफिसमधून निघाल्यावर फोन करायचा. घर रिसोडकडचं, नोकरी पुण्यात. त्याच्या कंपनीचे गिऱ्हाईक स्पेनमधले, त्यामुळे तो कामाच्या गरजेने स्पॅनिश शिकला होता. माझ्या वाट्याला त्या फोनमधले "हो", "बरं", "जेवले" आणि "तुम्ही?" एवढे शब्द यायचे. त्याच्या प्रश्नांची उत्तरं माझ्याकडे नसत असं नाही. मनात लांबलचक उत्तरं तयार असायची. पण एका बाजूला अंगण आणि दुसऱ्या बाजूला बाग असताना ती तोंडापर्यंत येऊन परत जायची. मग तो "ठीक आहे, ठेवतो," म्हणायचा. मी अंगणात परत यायचे आणि पुन्हा सुतळी.

बोलता न येण्याला शाळेचं कारण देणं सोपं आहे. मी वाशिमच्या इंग्रजी शाळेत शिकले. वर्गात मराठी बोललं की फळ्यावर नाव लिहिलं जायचं. त्यामुळे शाळेत इंग्रजी, घरी वऱ्हाडी, आणि कॉलेजात गेल्यावर पुस्तकातल्यासारखी मराठी. तिन्ही मला नीट येतात. त्याच्याशी मी ती पुस्तकी मराठी बोलायचे, इस्त्री केल्यासारखी. घरची बोली मी त्याला ऐकू देत नव्हते. लाज नव्हती त्यात. ती बोली म्हणजे घराची आतली खोली होती, आणि पाहुण्याला मी अजून ओटीवरच बसवलं होतं. इंग्रजीत तर काही गोड म्हणायची सोयच नव्हती. 'डिअर' हा शब्द मी आयुष्यात फक्त रजेच्या अर्जात लिहिला आहे.

आणि घरी तरी असं कोणी कोणाला काय म्हणतं? बाबा आईला "अवं" म्हणतात, आई बाबांना "आयकलं काय". बाबांना बागेत असताना आईला बोलवायचं असलं तर ते तेवढंही म्हणत नाहीत, मोटर बंद करतात. शेत एकदम शांत होतं आणि आई हातातलं टाकून डबा घेऊन निघते. मी लहान असताना मला वाटायचं सगळ्यांच्या घरी असंच बोलावतात.

आता त्या संत्र्याची गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं त्यावरून झालं.

आमच्या बागेचा मृगाचा बहार, म्हणजे पावसाच्या सुरुवातीला फुललेलं पीक, दरवर्षी झाडावरच विकला जातो. व्यापारी येतो, बागेतून फिरतो आणि कुठल्याही झाडाचं एक फळ तोडतो. ते सोलत नाहीत. चाकूने आडवं कापतात, म्हणजे साल किती जाड, रस किती, बिया किती ते दिसतं. मग अर्धं फळ व्यापाऱ्याने खायचं, अर्धं बाबांनी. दोघांचं खाऊन झाल्याशिवाय भावाचा शब्द काढायचा नाही, ही आमच्या शेतातली आजोबांपासूनची रीत. अर्धं संत्रं हातात दिलं की समजायचं, आता व्यवहाराचं बोलणं.

मुलाकडचे मला पाहायला आले त्या दिवशी सकाळीच व्यापारी बाग पाहून गेला होता. बाबांचा चाकू खिशातच होता. पाहुणे ओसरीवर बसले. मुलगा, त्याचे आई-वडील. हवापाण्याचं बोलून झालं, रस्त्याचं बोलून झालं, आणि मग सगळे गप्प झाले. बाबांना बसल्या जागी गप्पा मारता येत नाहीत. टोपलीत सकाळी तोडलेली फळं होती. त्यांनी एक उचललं, खिशातून चाकू काढला, फळ आडवं कापलं आणि अर्धं मुलाच्या वडिलांच्या हातात दिलं. हात सवयीने चालले होते. अर्धं स्वतःच्या हातात धरल्यावर त्यांच्या लक्षात आलं.

दारातून काकू म्हणाली, "घ्या. सौदा पक्का."

सगळे हसले. मुलाचे वडील सर्वांत मोठ्याने, कारण तेही शेतकरी, त्यांना लगेच कळलं. बाबा कसनुसे हसले आणि आपलं अर्धं त्यांनी समोरच्या ताटात ठेवून दिलं. मी काकूच्या मागे पोह्यांच्या बश्या घेऊन उभी होते. मुलगा हसला नाही. तो दाराकडे बघत होता आणि त्याने माझा चेहरा पाहिला. माझा चेहरा काय सांगत होता ते मला माहीत आहे. मला त्या क्षणी बागेसारखं वाटलं होतं. कोणीतरी येऊन, फिरून, हात लावून पाहावं तसं.

ताट आत आलं तेव्हा बाबांचं अर्धं संत्रं उष्ट्या कपांच्या मधे तसंच होतं. मी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. ओट्याजवळ उभी राहून मी ते खाल्लं, रागाने, बियांसकट. फळ अजून पिकायचं होतं. दात आंबले. हे मी कोणाला सांगितलं नाही.

मुलगा मला आवडला होता. अडचण तीच होती. नसता आवडला तर मला बोलणं सोपं गेलं असतं. मी चहा दिला तेव्हा त्याने कप दोन्ही हातांनी घेतला आणि मला काही विचारायच्या ऐवजी म्हणाला, "तुम्ही बसा ना." त्या दिवसात मला बसायला सांगणारा तो एकटाच. मी होकार कळवला तो आईमार्फत, आईने बाबांना, बाबांनी हौदावरून फोन करून त्याच्या वडिलांना. माझा होकार त्याच्यापर्यंत पोचेतो चार तोंडांतून गेला होता. त्याच्यापर्यंत जे पोचलं ते माझं होतं की नाही, हे त्याला कसं कळावं?

त्याने एका संध्याकाळी तेच विचारलं.

"एक बोलू का?" तो म्हणाला. "राग मानू नको."

"बोला."

"त्या दिवशी तुझ्या काकू सौदा म्हणाल्या तेव्हा मी तुझ्याकडे बघत होतो."

मी कठड्यावरचं शेवाळ नखाने खरवडायला लागले.

"आणि आता इतके दिवस झाले, तू काहीच बोलत नाहीस. मला खरंच कळत नाही, तुला हे लग्न हवंय की घरच्यांनी ठरवलं म्हणून चाललंय. या रविवारी माझे बाबा पत्रिका छापायला टाकणार आहेत. एकदा पत्रिका छापल्या की मग कोणालाच मागे फिरता येत नाही. नको असेल तर आत्ता सांग. मी माझ्याकडून मोडतो. तुझ्यावर काही येऊ देणार नाही."

"तसं नाही," मी म्हणाले.

"मग कसं?"

अंगणातून काकू बघत होती. मोटर बंद होती. बागेत बाबा खोकले ते मला स्पष्ट ऐकू आलं.

"तसं नाही," मी पुन्हा म्हणाले.

तो म्हणाला, "आमच्या स्पॅनिशच्या वर्गात मॅडमनी एकदा विचारलं होतं, तुमच्या घरी नवरा-बायको एकमेकांना लाडाने काय म्हणतात. सगळ्यांनी काही ना काही सांगितलं. मला एकही शब्द आठवेना. आमच्याकडे कोणी काही म्हणतच नाही. तुमच्याकडे?"

"मोटर बंद करतात," असं सांगावंसं वाटलं. सांगितलं नाही.

"तू एक शब्द म्हण," तो म्हणाला. "कुठल्याही भाषेत. स्पॅनिशमध्ये म्हण हवं तर, घरात कोणाला कळणार नाही. पण तुझ्या तोंडून म्हण. मग मी पुन्हा विचारणार नाही."

रविवार जवळ होता. त्या रात्रीपासून मला बसणं अशक्य झालं. मी झाडायला घेतलेलं अंगण पुन्हा झाडायचे. वांग्यांच्या वाफ्यात पाणी वळवायला जायचे आणि फावडं घरीच विसरायचे. हौदाजवळ जायचे, व्हिडिओ उतरवून घ्यायचे आणि कानात हेडफोन घालून जुड्यांच्या ढिगाशी बसायचे. व्हिडिओत एक बाई होती, कुठल्यातरी दूरच्या देशातली. स्वयंपाकघरात उभी राहून शिकवायची. तिच्या मागे बरण्या, बाजूला कापायला ठेवलेली भाजी, आणि खाली इंग्रजी अक्षरं. ती एकेक शब्द सावकाश म्हणायची आणि आपल्याला म्हणायला वेळ द्यायची. ती थांबली की मी ओठ हलवायचे.

"काय पुटपुटून राह्यली वं?" काकू म्हणाली. "मंत्र घेतला काय कोणाचा?"

"परीक्षेचं हाये."

"आता कोणती परीक्षा? लगीन झाल्यावर सासू घेईन थे परीक्षा."

शब्द पुष्कळ होते, पण एकही मला लागू पडेना. त्या बाईने पहिला सांगितला तो मि सिएलो, माझं आभाळ. ऐकायला छान आहे. पण आमच्या घरात झाडावर फळ असताना आभाळाकडे कोणी प्रेमाने पाहत नाही. बाबा उठल्या उठल्या आधी वर बघतात ते गारांच्या भीतीने. कोरासोन म्हणजे काळीज. आमच्याकडे तो विषय काकांना त्यासाठी अकोल्याच्या दवाखान्यात नेल्यापासून फक्त त्यांच्या गोळ्यांच्या वेळी निघतो. गोर्दो म्हणजे जाड्या, आणि ती बाई म्हणाली, तिच्या देशात हे लाडाने म्हणतात, माणूस बारीक असला तरी. हा शब्द मी हळूच उच्चारून पाहिला आणि मला एकटीलाच हसू आलं. काकूने मान वर केली.

मग ती बाई मागे वळली, टोपलीतून एक संत्रं घेतलं, फळीवर ठेवलं आणि चाकूने आडवं कापलं. अर्धं तिने हातात उचललं. मि मेदिया नारान्हा, ती म्हणाली. खाली अक्षरं आली, माझं अर्धं संत्रं. आपल्या जोडीच्या माणसाला तिकडे असं म्हणतात. एकाच फळाची दोन अर्धी.

मी हेडफोन ओढून काढले.

"चावलं काय काही?" काकू म्हणाली.

मी उठून बागेत गेले आणि रांगांमधून नुसतीच चालत राहिले. मला राग आला होता. सगळं जग सोडून त्या लोकांना हेच सापडावं? ज्या गोष्टीने मला ओसरीवर बाग करून टाकलं तीच मी त्याला लाडाने म्हणायची? झाडं फळांनी वाकली होती, तोडा आठवड्यावर आला होता. मी चालता चालता मि सिएलो, मि सिएलो असं घोकत होते. तेच म्हणायचं ठरवलं. दूरचं होतं, स्वच्छ होतं, त्याचा आमच्या घराशी काही संबंध नव्हता. पण तोंड वळायचं ते दुसऱ्याच शब्दाकडे. सिएलो म्हणताना जीभ परक्यासारखी वागायची. नारान्हा म्हटलं की दात आंबायचे, खरोखर आंबायचे, आणि ओट्याजवळची ती दुपार आठवायची.

तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. त्या फळाचं एक अर्धं मी खाल्लं होतं. दुसरं त्याच्या वडिलांच्या हातात गेलं होतं. त्याचं पुढे काय झालं हे मी कधी विचारलंच नव्हतं. हा विचार मला आवडला नाही, आणि तो गेलाही नाही.

शनिवारी शेतीची लाइन, म्हणजे वीज, दुपारनंतर आली. बाबांनी मोटर सुरू केली आणि फावडं घेऊन ते बागेत ओलिताला गेले. मला बरं वाटलं. पाणी पडत असेपर्यंत मी काहीही बोलू शकत होते. फोन येण्याच्या कितीतरी आधी मी हौदाजवळ जाऊन उभी राहिले, परत आले, पुन्हा गेले.

"पायाखाली निखारे हाये काय तिच्या?" काकू आईला म्हणाली.

"तू जुड्या बांध," आई म्हणाली.

फोन आला. पाण्याचा आवाज इतका होता की त्याचा पहिला शब्द मला कळलाच नाही. मी दुसऱ्या कानावर हात धरला.

"बाबा उद्या सकाळी मजकूर देणार आहेत," तो सांगत होता. "काही सांगायचंय?"

"हो."

"काय?"

"हो म्हटलं."

"ऐकू येत नाहीये. तू कुठे आहेस, धबधब्याखाली?"

मी श्वास घेतला. आभाळ तयार ठेवलं होतं. तोंड उघडलं आणि म्हणाले, "मि मेदिया नारान्हा."

"काय?"

तो शब्द एकदा निघाल्यावर आता दुसरा घेता येत नव्हता. मी मोठ्याने म्हणाले. तो पुन्हा "काय?" म्हणाला. मग मी पाण्याच्या वर आवाज चढवला, जन्मात कधी चढवला नव्हता इतका, आणि ओरडले, "मि मेदिया नारान्हा!"

त्याच क्षणी लाइन गेली.

मोटर थांबली. पाइपातून पाण्याची एक गुळणी हौदात पडली आणि सगळं शेत गप्प झालं. माझा आवाज मात्र थांबायचा राहिला होता. तो बागेवरून पलीकडच्या बांधापर्यंत गेला असं मला वाटलं. झाडांमध्ये वाकलेले बाबा उभे राहिले. अंगणात आईचा हात जुडीवर थांबला.

काकू म्हणाली, "काय म्हटलं वं तुनं?"

"काई नाई."

"काई नाई कसं? येवढी बोंबलली. इकडची पाखरं उडाली."

"फोनवर हाये ना थे," आई तिला म्हणाली. "तुले काय करायचं?"

"मले काई नाई करायचं, बाई. पण भाषा कोणती होती थे? जवाई रिसोडचेच हाये ना आपले?"

"इंग्लिश असंन," बाबा बागेतून म्हणाले.

"इंग्लिश मले कळते. हे इंग्लिश नोयतं."

फोन माझ्या कानाला तसाच होता. तिकडून त्याने अजून ठेवला नव्हता. मला कळलं की शेत इतकं शांत आहे, म्हणजे काकूचा शब्द न् शब्द त्याला ऐकू जातोय. आणि माझं "काई नाई" सुद्धा त्याला ऐकू गेलं होतं. इतके दिवस मी दोन्हीकडे तेच तर म्हणत आले होते. आणखी एकदा म्हटलं असतं तर काकूची समजूत पटली असती आणि त्याचीही.

मी अंगणाकडे तोंड केलं. कठडा घट्ट धरला होता.

"त्याईले म्हटलं मी," मी म्हणाले. "अर्धं संत्रं म्हटलं. तिकडच्या देशात आपल्या मानसाले तसं म्हंतात."

बाबा खाली वाकले आणि आळ्यात फावडं मारायला लागले, पाणी बंद होतं तरी. आईने जुडी उचलली आणि तिच्याकडेच बघत बसली. माझे कान इतके तापले की फोनही गरम लागायला लागला.

मग काकू म्हणाली, "म्हंजे या खेपेचा सौदा तुनंच केला म्हन की."

ती हसली. त्या दिवशी दारातून हसली होती तशीच, तिला एकाच प्रकारे हसता येतं. आणि मला पहिल्यांदाच त्याचा राग आला नाही. "हो," मी म्हणाले. "मीच केला."

"बाप्पा," काकू म्हणाली. "बोलली पोट्टी."

मी पाठ फिरवली आणि फोनमध्ये काहीतरी बोलणार होते, पण तोच आधी बोलला.

"ऐकलं मी."

"काय?"

"सगळं. तुझ्या काकूंचं पण." तो म्हणाला. "तुला एक सांगू? त्या दिवशीचं ते अर्धं. बाबांना आंबट चालत नाही, त्यांनी गाडीत बसल्यावर माझ्या हातात दिलं. मी वाशिमपर्यंत तसंच धरून बसलो होतो. टाकावं तर वाईट दिसतं, खावं तर तुझा तो चेहरा आठवायचा. मग समोरच्या खणात ठेवलं आणि विसरलो. दुसऱ्या दिवशी सगळ्या गाडीत मुंग्या. बाबा अजून बोलून दाखवतात."

पुण्याची मराठी बोलता बोलता तो एकदम घसरला. "काय करू थे मले समजलंच नाई," तो म्हणाला.

मी त्याला आजवर एकही प्रश्न विचारला नव्हता, "तुम्ही?" सोडून. आता तो आपोआप आला, घरात विचारावा तसा.

"खाल्लं काहून नाई मंग?"

"सांगितलं ना. कसं होतं काय मालूम."

"लय आंबट होतं," मी म्हणाले. "तुमी सुटले."

"तुला कसं माहीत?"

"दुसरं मी खाल्लं. बियांसकट."

तिकडे रस्त्यावरचे हॉर्न वाजत होते. बसस्टॉपवर उभा असावा. तो काही बोलेना आणि या वेळी त्याच्या गप्प बसण्याने मला काही झालं नाही. बागेत बाबा विजेच्या खांबाकडे बघत होते, जणू खांब काही सांगणार आहे.

"पत्रिका?" शेवटी तो म्हणाला.

"टाका छापायले."

"आणि ते... पुन्हा एकदा म्हणशील? आता पाणी नाहीये."

"आता नाई," मी म्हणाले. "आता सगळे आयकून राह्यले."

खरंच ऐकत होते. आईसुद्धा.

लाइन आली नाही. फोन ठेवून मी अंगणात येऊन बसले. कोणी काही विचारलं नाही, म्हणजे आईने नाही. काकूने सुतळीचा गुंडा माझ्याकडे ढकलला आणि हळूच म्हणाली, "कसं म्हंतात वं थे? मेदी काय?"

"मेदिया नारान्हा."

तिने दोन-तीनदा म्हणून पाहिलं. तिला ते माझ्यापेक्षा बरं जमलं. "तुह्या काकाले म्हणून पायतो," ती म्हणाली. "पण थो म्हणन, चाल, तुले अकोल्याच्या डाक्टरले दाखवतो."

आई तोंडाला पदर लावून हसली.

मी जुडी घेतली. वाटलं होतं, आता हात शांत होतील. ते झाले नाहीत. उलट आता लग्नाचा दिवस खरा वाटायला लागला होता. पुणं खरं वाटायला लागलं होतं. हौद, रेंज, काकू यांच्यावाचून एका बंद खोलीत त्या माणसाशी काय बोलायचं, हा प्रश्न आता पहिल्यांदा समोर आला होता. तिथे मोटर नसणार, बंद करायलाही नाही. माझी जुडी सैल झाली. आईने ती माझ्या हातातून घेतली, सोडली, पुन्हा आवळून बांधली आणि ओल्या पोत्याखाली ठेवून दिली.

तोडा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी मी बागेत जाऊन एक पिकलेलं फळ उतरवून आणलं, आणि ते आता व्यापाऱ्याचा माल, म्हणून बाबांना विचारून घेतलं.

"एकच?" ते म्हणाले.

"एकच."

त्यांनी कोणासाठी म्हणून विचारलं नाही. खिशातला चाकू काढला, आपल्या धोतराला पुसला आणि माझ्याजवळ ठेवून ते ओलिताला निघून गेले.